८०० मीटर आणि एक खोटी बातमी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दोन दिवसांची झड नुकतीच उघडली होती. मी स्वयंपाकघरात गवार मोडत बसले होते, तेवढ्यात शहापूरहून माझी भाची आली. बरोबर तिची लेक. ही लेक नववीत शिकते. एरवी आली की आधी लाडवाचा डबा शोधणारी पोर त्या दिवशी तोंड फुगवून दारातच उभी राहिली.

"मावशी, आता तूच सांग हिला चार गोष्टी," असं म्हणून भाचीनं पर्समधून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. शाळेचा कागद होता. तालुक्याच्या स्पर्धेसाठी मुलीची निवड झाली आहे, पालकांची सही हवी. खेळाचा प्रकार लिहिला होता, ३००० मीटर धावणे.

"तीन हजार मीटर म्हणे! म्हणजे मोठ्या मैदानाला साडेसात फेऱ्या. शंभर-दोनशे पळ की, कोण नको म्हणतंय? मागच्या वर्षी एक मुलगी शेवटच्या फेरीनंतर धाडकन पडली, मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या सासूबाई म्हणतात, वयात आलेल्या पोरीनं इतकं पळू नये, पुढं त्रास होतो. झेपणार नाही गं हिला."

"झेपतंय मला," दारातून आवाज आला. "रोज पळतोय मी."

आमच्याकडच्या मुली अजून 'पळतोय मी' म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं. मला त्या दिवशी हसू आलं नाही. 'झेपणार नाही' या दोन शब्दांवरच माझं मन अडकलं. हे शब्द मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकले होते, आणि तेव्हा मीही नववीतच होते.

१९७५ साल. शाळेचं नाव सांगत नाही, आमचे सर तर आता हयातही नाहीत. स्नेहसंमेलनाच्या आधी आमच्याकडे क्रीडा सप्ताह असायचा. मला पळायचं वेड होतं. सकाळी दूध आणायला म्हणून निघायचं, बरणी ओळखीच्या दुकानात ठेवायची, आणि मैदानाला अनवाणी चार फेऱ्या मारून मग दूध घेऊन घरी. उशीर का झाला, तर गवळी उशिरा आला! त्या वर्षी मुलांसाठी ८०० मीटरची शर्यत होती. आम्ही तिघी मुलींनी त्यात नावं दिली. सरांनी यादी वाचली आणि लाल पेन्सिलीनं आमच्या नावांवर रेघ मारली.

"मुली चक्कर येऊन पडतात. काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? तुम्हाला झेपायचं नाही."

सर वाईट नव्हते. खो-खो त्यांनीच आम्हाला शिकवला, स्वतःच्या पैशानं दोऱ्या आणून दिल्या. पण ८०० मीटर नाही म्हणजे नाही. मला लिंबू-चमच्याच्या शर्यतीत घातलं. तिथं मी पहिली आले. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी मिळाली, तिच्यावर नाव आणि साल कोरलेलं. ती वाटी अजून माझ्याकडे आहे, विरजण लावायला वापरते. घरी येऊन आईला रेघ मारल्याचं सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं, पाय दुखले असते." विषय संपला.

'मुली चक्कर येऊन पडतात' हे सरांना कुणी सांगितलं होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळू लागला, ऑलिंपिकच्या इतिहासावरचं काहीबाही वाचत गेले, आणि एके दिवशी १९२८ सालाशी येऊन थबकले. मैत्रिणींनो, तीच गोष्ट मी त्या संध्याकाळी भाचीला आणि तिच्या लेकीला सांगितली. गवार मोडता मोडता सांगितली, आणि आज तुम्हालाही सांगते.

१९२८ चं ऑलिंपिक हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला झालं. तोवर टेनिस, पोहणं अशा काही खेळांत बायकांना प्रवेश मिळाला होता, पण धावणं, उड्या, फेक या मैदानी खेळांत नव्हता. ऑलिंपिकचे जनक कुबर्तां यांना बायकांच्या स्पर्धा मुळातच पसंत नव्हत्या. पुरुषांनी खेळावं आणि बायकांनी टाळ्या वाजवाव्यात, अशा मताचे ते गृहस्थ.

हे दार उघडायला लावलं ते फ्रान्समधल्या अ‍ॅलिस मिया या बाईंनी. त्या स्वतः नाव वल्हवणाऱ्या खेळाडू. बायकांना ऑलिंपिकच्या मैदानात घ्या, असा त्यांनी आग्रह धरला आणि नकार मिळाला. मग त्यांनी काय करावं? रुसून बसल्या नाहीत. १९२१ मध्ये बायकांच्या खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला बायकांचं वेगळं ऑलिंपिकच भरवलं. पाच देशांच्या मुली आल्या, ११ स्पर्धा झाल्या, आणि बघायला २० हजार माणसं जमली. तिकडे ऑलिंपिक समितीच्या पोटात गोळा आला. 'ऑलिंपिक' हे नाव तुम्ही वापरायचं नाही, असा निरोप गेला. पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी बाईंनी नाव सोडलं आणि बदल्यात खऱ्या ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी जागा मागितली. मागितल्या होत्या दहा स्पर्धा, मिळाल्या पाच. १०० मीटर, ८०० मीटर, चार बाय शंभर रिले, उंच उडी आणि थाळीफेक. एवढ्याशा तुकड्यावर बोळवण होते म्हणून इंग्लंडच्या मुलींनी तर बहिष्कारच घातला.

त्या पाचांतली ८०० मीटरची अंतिम शर्यत २ ऑगस्ट १९२८ ला झाली. नऊ जणी धावल्या. जर्मनीची लीना राडके पहिली आली, २ मिनिटं १६.८ सेकंद, म्हणजे नवा विश्वविक्रम. दुसरी आली जपानची किनुए हितोमी आणि तिसरी स्वीडनची इंगा गेन्त्सेल. पहिल्या तिघींत जेमतेम सेकंदाचं अंतर.

या हितोमीबद्दल थोडं सांगायलाच हवं. वय २१. जपानसारख्या त्या काळच्या सोवळ्या देशात उघड्या पायांनी धावणारी मुलगी म्हणजे लोकांच्या बोलण्याला निमित्तच. ओसाकाच्या एका वृत्तपत्रात ती नोकरी करायची. १९२६ मध्ये स्वीडनला बायकांच्या जागतिक स्पर्धा झाल्या, तिथे जपानकडून ही एकटी गेली होती, सैबेरियातून रेल्वेनं, आणि लांब उडीचं सुवर्ण घेऊन आली. अ‍ॅमस्टरडॅमला बायकांसाठी लांब उडी ठेवलेलीच नव्हती. १०० मीटरमध्ये ती अंतिम फेरीपर्यंत पोचली नाही. इतक्या लांब येऊन रिकाम्या हातानं परत जायचं कसं, म्हणून तिनं ८०० मीटरसाठी नाव पुढे केलं. त्याआधी स्पर्धेत ती हे अंतर कधी धावलेली नव्हती. आणि तरी रौप्यपदक! ऑलिंपिक पदक मिळवणारी ती जपानची पहिली स्त्री.

आता शर्यत संपल्यावर काय झालं ते बघा. काही जणी दमून खाली बसल्या, एकदोघी आडव्या झाल्या. जीव तोडून धावल्यावर माणूस आडवं होणारच. पण दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत जे छापून आलं ते वाचून वाटावं, मैदानावर प्रेतं पडली होती. एका अमेरिकन पत्रकारानं तर लिहिलं की अकरा बिचाऱ्या बायका धावल्या, त्यातल्या पाच जणींनी शर्यत अर्धवट सोडली आणि पाच जणी शेवटी कोसळल्या. धावल्या होत्या नऊ, आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली होती. साधी मोजणीसुद्धा चुकीची! पण खरं मोजायची गरज कुणाला होती? इतकं पळाल्यानं बाई लवकर म्हातारी होते, तिला मुलं होत नाहीत, अशी मतं द्यायला जाणती माणसं पुढे आली. परिणाम असा झाला की ८०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली.

इथं भाची म्हणाली, "पण मावशी, पडल्या होत्या ना काही जणी? मग काळजी वाटणारच की."

म्हटलं, थांब. वीस वर्षं मागे जाऊ. १९०८, लंडनचं ऑलिंपिक. मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री सगळ्यांच्या पुढे होता. मैदानात शिरला आणि त्याचं भान सुटलं. चुकीच्या दिशेला वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटी अधिकाऱ्यांनी धरून त्याला रेषेपलीकडे नेलं. मदत घेतली म्हणून त्याचा पहिला नंबर गेला, तो नियमच होता. पण इंग्लंडच्या राणीनं त्याला दुसऱ्या दिवशी खास चषक दिला, जगभर त्याचं कौतुक झालं. पुरुषांना मॅरेथॉन झेपत नाही, ती बंद करा, असं कुणी म्हणालं का? पुरुष पडला तर शूर ठरला, बाई पडली तर शर्यतच बंद झाली. आणि ती पडली होती ८०० मीटरला, मॅरेथॉनला नव्हे.

पोरीनं हळूच विचारलं, "मग परत कधी सुरू झाली?"

१९६० मध्ये, रोमला. ३२ वर्षांनी. मधल्या काळात दुसरं महायुद्ध झालं, आपला देश स्वतंत्र झाला, पण ऑलिंपिकमध्ये बायका २०० मीटरच्या पुढे धावल्या नाहीत, आणि ते २०० मीटरसुद्धा १९४८ पासून. लीना राडकेचा विश्वविक्रम १९४४ पर्यंत टिकला. हितोमी बिचारी फार जगली नाही. १९३१ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, फुफ्फुसाच्या आजारानं गेली. तारीख २ ऑगस्टच, त्या शर्यतीला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी.

पुढची वर्षं मी बोटांवर मोजून सांगितली. १९६४ मध्ये ४०० मीटर आली. १९७२ मध्ये १५०० मीटर. १९८४ मध्ये ३००० मीटर आणि मॅरेथॉन. १९८८ मध्ये १० हजार मीटर. अडथळे आणि पाण्याचा खड्डा असलेली स्टीपलचेस तर थेट २००८ मध्ये. दर वेळी तेच, 'झेपणार नाही'. आणि दर वेळी कुणीतरी धावून दाखवल्यावरच नियम बदलला.

हिशेब केला तेव्हा माझं मलाच वाईट वाटलं. १९७५ मध्ये सरांनी माझ्या नावावर रेघ मारली, तेव्हा ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर पुन्हा सुरू होऊन पंधरा वर्षं झाली होती. सरांनी अ‍ॅमस्टरडॅमचं नावही ऐकलं नसेल. पण 'मुली पडतात' ही अफवा आमच्या मैदानापर्यंत पोचली होती. मुली धावतात ही बातमी तेवढी पोचली नव्हती.

मॅरेथॉनची कथा तर याहून मजेची. अमेरिकेत बोस्टन शहरात फार जुनी मॅरेथॉन भरते. १९६६ मध्ये बॉबी गिब नावाच्या मुलीनं तिच्यासाठी अर्ज केला. बायकांना इतकं अंतर शारीरिकदृष्ट्या शक्य नाही, असं उत्तर आलं. ही मुलगी सराव करायची नर्सच्या बुटांत, कारण बायकांसाठी धावायचे बूट मिळतच नव्हते. पश्चिम किनाऱ्यावरून तीन-साडेतीन दिवस बसचा प्रवास करून ती माहेरी आली. वडिलांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. आईनं मात्र तिला गाडीत घातलं आणि शर्यतीच्या गावी सोडलं. भावाची अर्धी चड्डी आणि टोपीचा सदरा घालून ही झुडपात लपली, निम्मे धावपटू पुढे गेल्यावर गर्दीत शिरली आणि ३ तास २१ मिनिटांत पोचली. धावणाऱ्या पुरुषांपैकी दोन तृतीयांश तिच्या मागे होते!

"आईनं सोडलं होतं," एवढंच पोर म्हणाली आणि आईकडे बघितलं. आईनं गवारीकडे बघितलं.

पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, कॅथरिन स्विट्झर नावाच्या विद्यार्थिनीनं अर्जावर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव लिहिलं. अधिकाऱ्यांना वाटलं पुरुष असेल, आणि तिला २६१ नंबर मिळाला. तिच्या प्रशिक्षकांचंही आधी मत होतं की बाईला हे झेपणार नाही. सरावात धावून दाखव, मग नेतो, अशी त्यांनी अट घातली होती. तिनं मॅरेथॉनहून पाच मैल जास्त धावून दाखवलं आणि शेवटी घेरी आली ती प्रशिक्षकांना! शर्यतीत थोडं अंतर गेल्यावर एक अधिकारी गाडीतून उतरला आणि तिच्या अंगावरचा नंबर ओरबाडायला धावला. तिच्याबरोबर तिचा मित्र होता, हातोडाफेक करणारा दांडगा गडी. त्यानं अधिकाऱ्याला बाजूला लोटलं. हे सगळं छायाचित्रकारांच्या गाडीसमोर घडलं, आणि ती छायाचित्रं जगभर गेली. ती थांबली नाही, शर्यत पुरी केली. आपण इथे सोडली तर बायकांना जमत नाही असंच सगळे म्हणतील, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. १९७२ पासून बोस्टनला बायकांना रीतसर प्रवेश मिळाला. २०१७ मध्ये, सत्तराव्या वर्षी, स्विट्झरबाई तोच २६१ नंबर लावून पुन्हा तिथे धावल्या.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडचं सांगा. सांगते की.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं नाव काढलं की आपल्या भागात एकच नाव निघतं, खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान लोकवर्गणीवर गेला, कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्याच्यासाठी घर गहाण टाकलं, आणि त्यानं कांस्यपदक आणलं. आपल्या तालमींतल्या लहान पोरालाही ही गोष्ट पाठ असते, आणि असावीच. पण त्याच हेलसिंकीला स्वतंत्र भारताच्या चार मुलीही पहिल्यांदा गेल्या होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे? धावायला नीलिमा घोष आणि मेरी डिसोझा, पोहायला डॉली नझीर आणि आरती साहा. यातली मेरी डिसोझा मुंबईत वांद्र्याची, मूळ घराणं गोव्याचं. सरकारकडे पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि मित्रमंडळींनी निधी जमवला. खाशाबासाठी कराड-कोल्हापूर उभं राहिलं, तसं मेरीसाठी वांद्रे. ती १०० आणि २०० मीटर धावली. त्याहून लांबची शर्यत तेव्हा बायकांसाठी नव्हतीच. पुढे १९५४ च्या मनिला एशियाडमध्ये आपल्या मुलींनी रिलेचं सुवर्ण जिंकलं, त्यात ती होती. आरती साहानं १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली, असं करणारी ती आशियातली पहिली स्त्री. १९७० मध्ये बँकॉकला कमलजीत संधूनं ४०० मीटरचं सुवर्ण मिळवलं. एशियाडमध्ये एकटीच्या बळावर सोनं आणणारी ती पहिली भारतीय स्त्री.

आणि मग १९८४. तेव्हा माझं लग्न झालं होतं, कडेवर वर्षाचं पोर होतं. उषा लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली, कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. ५५.४१ आणि ५५.४२. आमच्या गल्लीत दोन दिवस त्याचीच हळहळ होती. बायकांसाठी ही शर्यतसुद्धा त्याच वर्षी पहिल्यांदा ठेवली होती, हे मात्र मला फार उशिरा कळलं. उषाला आधी मैदान मिळायला हवं होतं, तेच मुळी १९८४ ला मिळालं!

उषानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याची अंतिम फेरी गाठणारी दुसरी भारतीय स्त्री यायला ३२ वर्षं लागली. ती ललिता बाबर. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव, दुष्काळी मुलूख. २०१६ मध्ये रिओला ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. आपल्या बेळगावच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवलं. तेव्हा परदेशातच कशाला जायचं!

पण लॉस एंजेलिसची एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्या भाचीसाठी सगळ्यांत महत्त्वाची होती. त्या ऑलिंपिकमध्ये बायकांची पहिली मॅरेथॉन झाली. अमेरिकेची जोन बेनॉइट जिंकली. निवड चाचणीच्या आधी जेमतेम अडीच आठवडे तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. ती पोचून वीस मिनिटं झाली असतील, तेव्हा स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन मैदानात आली. वय ३९. उन्हानं तिचं अंग एका बाजूला वाकलेलं, एक हात लोंबकळतोय, पाऊल कुठे पडतंय त्याचं भान नाही. डॉक्टर पुढे झाले, तर तिनं त्यांना हातानंच दूर राहायला खुणावलं. कारण कुणी हात लावला असता तर ती बाद झाली असती. डॉक्टरांनी पाहिलं की तिला घाम येतोय, म्हणजे शरीर अजून तग धरून आहे, आणि ते बाजूनं चालत राहिले. शेवटच्या फेरीला तिला पाच-सहा मिनिटं लागली. रेषा ओलांडली आणि ती डॉक्टरांच्या हातांत पडली. थोड्या वेळानं बरीही झाली.

हे सगळं जगानं टीव्हीवर पाहिलं. १९२८ च्या मुलींपेक्षा कितीतरी भयंकर दिसणारं दृश्य. पण या वेळी शर्यत बंद झाली नाही. चार वर्षांनी सोलला बायका पुन्हा मॅरेथॉन धावल्या. माझ्या मते फरक इथे पडला. बाई पडली तर तिच्याजवळ डॉक्टर हवा, पाणी हवं. तिचं नाव यादीतून खोडायला नको.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते सगळं खरं गं मावशी, पण त्या ऑलिंपिकच्या बायका. ही अजून लहान आहे. आणि मी आई आहे."

तिचं चुकलं असं मला म्हणवेना. आईची काळजी आणि त्या पत्रकाराची थाप यांत फरक आहेच. मग आम्ही एक केलं. दुसऱ्या दिवशी तिघी मिळून ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोरीला तपासलं, रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, तसं ते आपल्याकडच्या पुष्कळ मुलींचं असतं, पळणाऱ्यांचं आणि न पळणाऱ्यांचंही. त्यावर गोळ्या दिल्या. पळण्यानं गर्भाशयाला काही होतं ही समजूत त्यांनी हसून उडवून लावली. मात्र दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पळणाऱ्या मुलीनं पोटभर खाल्लं पाहिजे, उपाशीपोटी सराव नको. आणि पाळी महिनोन् महिने आली नाही तर 'बरंच झालं' म्हणून गप्प बसायचं नाही, येऊन सांगायचं, कारण खाणं कमी पडत असल्याची ती खूण असते. अंतर एकदम वाढवायचं नाही, आठवड्याआठवड्यानं वाढवायचं.

भाचीनं सही केली. सासूबाईंना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

शर्यतीच्या दिवशी मी आणि भाची मैदानावर गेलो. चिखल होता, वरून भुरभुर. सतरा मुली होत्या. आमची पोर सुरुवातीला मागे होती, मग हळूहळू एकेकीला गाठत पुढे सरकली. शेवटच्या फेरीला भाची माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की संध्याकाळी वळ दिसला. पोर पाचवी आली. रेषा ओलांडली, चार पावलं गेली आणि गवतावर सरळ आडवी झाली.

भाची धावली. तिच्या मागून मी. जवळ गेल्यावर भाची पाण्याची बाटली घेऊन नुसती उभी राहिली, काही बोलेना. पोरीनं डोळे उघडले आणि विचारलं, "आई, टाईम किती लागला?"

वेळ मोजायचं काम माझ्याकडे होतं. ओरडण्याच्या नादात मी मोबाईलचं बटणच दाबलं नव्हतं.

घरी आल्यावर मी तिला खायला शेंगदाणे आणि गूळ दिला, त्याच स्टीलच्या वाटीत. खाऊन झाल्यावर तिनं वाटी उलटी करून कोरलेलं नाव वाचलं. वाटीची गोष्ट तिला आता ठाऊक होती. म्हणाली, "मावशीआजी, तेव्हा तू आठशे पळाली असतीस तर किती टाईम लागला असता?"

"कुणास ठाऊक. मोजायची वेळच आली नाही."

"मग आता मोजू की. उद्या सकाळी येतो मी."

आणि खरोखरच आली. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालून तिनं तिच्या मोबाईलवर अंतर मोजलं आणि मला उभं केलं. मी चालले, पळाले नाही. साडी गुडघ्यात येत होती, एका ठिकाणी ओळखीच्या बाई भेटल्या त्यांना हात केला. ८०० मीटरला मला ११ मिनिटं २० सेकंद लागली. लीना राडकेपेक्षा नऊ मिनिटं जास्त. पण पडले नाही.